कॅप्टन दीप इचोड्याला का आला नाही?

आमच्या घरी रहस्यकथा वाचायला बंदी होती. बंदी होती म्हणूनच त्या अधिक वाचल्या गेल्या. पाठ्यपुस्तकाच्या आत लपवून, कंदिलाची वात बारीक करून, शेजारच्या दादाकडून एका रात्रीच्या बोलीवर आणून. सकाळी पुस्तक परत द्यायचे असल्यामुळे वाचण्याचा वेगही आपोआप वाढला. पुढे साहित्याच्या चर्चेत या पुस्तकांची नावे कुणी घेईना, तेव्हा आम्हीही ती घेणे बंद केले. आज तो अप्रामाणिकपणा वाटतो.

या विषयावर लिहावे असे मनात आले ते मात्र गोव्यात नव्हे, तर गोव्यापासून फार दूर, इचोड्याला. आदिलाबादहून निर्मलकडे जाताना तीसेक किलोमीटरवर हे बाजाराचे गाव लागते. नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे, तेव्हा त्या रस्त्याचा क्रमांक सात होता, आता चव्वेचाळीस आहे. १९९०च्या दशकातली गोष्ट. आमच्या बसचे चाक बदलायचे म्हणून प्रवासी खाली उतरले होते. चहाच्या टपरीवर तेलुगू, उर्दू, मराठी आणि गोंडी अशा चार भाषा एकाच वेळी कानावर पडत होत्या. मी नागपूरला जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतलेली गुरुनाथ नाईकांची एक कॅप्टन दीप कादंबरी उघडून बसलो होतो.

शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते, निवृत्त शिक्षक. त्यांनी विचारले, "काय वाचून राहिले, साहेब?" मी थोडा ओशाळून मुखपृष्ठ दाखवले. ते हसले. त्यांनीही असली पुष्कळ वाचली होती; मराठी वाचली होती आणि उर्दूही. मग म्हणाले, "हा तुमचा कॅप्टन सरहद्दीपलीकडं जाऊन येतो. आमच्या इकडं काय कमी घडलं? इकडं कधी येईल तो?"

तेव्हा मला उत्तर सुचले नाही. तो प्रश्न मात्र मनात घर करून राहिला.

मराठी माणसाला हेराची गोष्ट नवी नाही. शिवरायांच्या हेरखात्याचा प्रमुख बहिर्जी नाईक आपल्याला शाळेच्या पुस्तकातच भेटतो. वेषांतर करून शत्रूच्या गोटात शिरणारा, शहराची बित्तंबातमी आणणारा. छापील कादंबरीत हेर आला तो मात्र वेगळ्या वाटेने. हिंदीत देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' १८८८च्या सुमारास येऊ लागली आणि तिच्यातल्या ऐयारांनी, म्हणजे रूप पालटणाऱ्या हेरांनी, वाचकांना वेड लावले. मराठीत गोविंद नारायणशास्त्री दातार (१८७३-१९४१) आणि नाथमाधव (१८८२-१९२८) यांनी रेनॉल्ड्ससारख्या इंग्रज लेखकांची कथानके आपल्या मातीत आणून रुजवली. भुयारे, तळघरे, गुप्त मंडळ्या आणि खोटी नावे हा सगळा सरंजाम तेव्हापासूनचा आहे.

मग आले बाबूराव अर्नाळकर. हेसुद्धा घेतलेलेच नाव. खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारावर पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही नावे एकेकाळी घरातल्या माणसांसारखी बोलली जात. पण अर्नाळकरांचे नायक प्रामुख्याने शहरी गुन्हेगारांशी झुंजणारे. देशाचे रहस्य, परका एजंट, सीमेपलीकडची कामगिरी हा मामला मराठीत जोरात आला तो १९६० नंतर. जगभर वारे त्याच दिशेने वाहत होते. इयान फ्लेमिंगचा जेम्स बाँड १९५३ साली पुस्तकात अवतरला आणि १९६२ साली पडद्यावर. आपल्याकडे १९६२, १९६५ आणि १९७१ अशी तीन युद्धे दहा वर्षांच्या आत झाली. देशाबाहेरच्या हेरगिरीसाठी 'रॉ' ही वेगळी संस्था १९६८ साली उभी राहिली. वर्तमानपत्रात रोज सीमा होती आणि वाचकाला सीमेवरचा नायक हवा होता.

तो नायक गुरुनाथ नाईकांनी दिला. नाईकांचे मूळ गोव्याचे, म्हणून आम्हा गोवेकरांना त्यांच्याविषयी थोडी अधिक आपुलकी. हजार-बाराशे कादंबऱ्या लिहून हा माणूस २०२१ साली गेला. एकेका नायकाची वेगळी मालिका, दर महिन्याला नवी पुस्तके, आणि त्या सगळ्यांत लष्करी गुप्तहेर कॅप्टन दीप सर्वांत लाडका. पुढे सुहास शिरवळकरांनी (१९४८-२००३) दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास उभे केले आणि रहस्यकथेची भाषा कॉलेजच्या कट्ट्यावर आणून सोडली.

इचोड्याच्या शिक्षकांनी उर्दूचा उल्लेख केला, त्यामागे मोठा इतिहास आहे. इब्ने सफी हे अलाहाबादकडचे लेखक. १९५२ साली त्यांची 'जासूसी दुनिया' सुरू झाली आणि त्याच वर्षी ते कराचीला गेले. १९५५ साली त्यांनी इमरान मालिका सुरू केली. वरून बावळट दिसणारा इमरान हाच हेरखात्याचा गुप्त प्रमुख 'एक्स-टू' असतो, हे त्याच्या हाताखालच्या माणसांनाही ठाऊक नसते. लेखक कराचीत आणि भारतीय आवृत्ती अलाहाबादेत, अशी व्यवस्था दोन देशांतल्या वैराच्या काळातही चालली. १९६३ साली त्यांच्या 'डेढ़ मतवाले' या पुस्तकाच्या अलाहाबादेतल्या प्रकाशनाला लालबहादूर शास्त्री होते. हिंदीत येताना या नायकांची नावेही बदलली: फरीदीचा विनोद झाला, इमरानचा राजेश. हेरालाच सीमा ओलांडण्यासाठी नाव पालटावे लागले! तेलुगूत कोम्मूरी सांबशिवरावांचा युगंधर आणि नंतर मधुबाबूंचा 'शॅडो' असाच घराघरांत पोचला. इचोड्यासारख्या गावातला बहुभाषिक वाचक हे सारे वाचू शकत होता. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे भाग्य नव्हते.

आता त्या शिक्षकांचा प्रश्न. इकडे काय घडले होते?

इचोडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९४० साली याच जिल्ह्यात जोडेघाटला कोमराम भीम आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. गोंड आणि कोलाम माणसे आपल्याच जंगलातल्या जमिनीसाठी उभी राहिली होती. ती शस्त्र उचलण्यापर्यंत का आली, याचा शोध घ्यायचे निजाम सरकारने ठरवले आणि त्या कामाला माणूस लाभला तो विलक्षण. ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यामुळे ते कागदोपत्री जर्मन ठरले होते. १९३९ साली महायुद्ध पेटले तेव्हा ते भारतात होते, म्हणजे शत्रुराष्ट्राचे नागरिक. त्यांना हैदराबाद संस्थानाबाहेर जाण्यास मनाई झाली.

कादंबरीत असा माणूस आला असता तर पहिल्या प्रकरणातच आपण ओळखले असते की हा जर्मन हेर! प्रत्यक्षात झाले उलटे. हा संशयित परका उटनूरजवळ मारलवाई या गोंड वस्तीत पत्नी बेटीसह झोपडी बांधून राहिला, गोंडी शिकला, आणि जमिनी सावकारांच्या व बाहेरच्यांच्या हाती कशा गेल्या, जंगलखात्याने गावे कशी उठवली, ते सरकारला लिहून कळवले. त्यातून हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. मारलवाईला १९४३ साली गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले आणि गोंडी वाचनाची पहिली पुस्तके तयार झाली ती देवनागरीत. कारण या भागातल्या थोड्याफार शिकलेल्या गोंडांना मराठी येत होती. बेटीबाई १९८७ साली वारल्या, त्यांची समाधी मारलवाईलाच आहे. धोक्याचा तपास म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

पुढे १९४८. हैदराबादची नाकेबंदी झालेली असताना सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमाने भरून निजामासाठी शस्त्रे आणत होता. हाच कॉटन १९३९ साली ब्रिटिश हेरखात्यासाठी जर्मनीची चोरून हवाई छायाचित्रे घेत असे. दुसरीकडे स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सीमेवर छावण्या टाकल्या होत्या. त्यांपैकी एक विदर्भातल्या उमरखेडला. ३० जानेवारी १९४८ला त्यांनी नांदेडकडची उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला, आणि त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. असा प्रसंग कादंबरीकाराने रचला असता तर आपण म्हणालो असतो, हे जरा अतीच झाले.

आणि आमचा गोवा? मनोहर आपटे नावाचा सांगलीचा तरुण १९५०च्या सुमारास मोहन रानडे हे नाव घेऊन सावई-वेऱ्याला मराठी शिकवायला आला. दिवसा मुलांना मुळाक्षरे, आणि आतून आझाद गोमंतक दलाचे काम. १९५५ साली बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून तो सापडला. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. पोर्तुगालच्या तुरुंगात एकांतकोठडी भोगली. गोवा १९६१ साली मुक्त झाला, पण रानडे सुटले १९६९च्या जानेवारीत. त्याच १९५५ साली वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गुप्त आकाशवाणी सुरू केली. सीमेवरच्या जंगलात राहून सहा वर्षे त्यांनी तो आवाज बंद पडू दिला नाही. लिबियाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०२५ साली.

ही सगळी माणसे आणि या सगळ्या जागा मराठी रहस्यकथेच्या दाराशी उभ्या होत्या. रानडे सुटून आले तेव्हाच तर कॅप्टन दीपच्या काळाला सुरुवात होत होती. तरीही आमचे नायक परदेशी राजधान्यांत फिरले. बेतीला आणि मारलवाईला आले नाहीत.

याचा दोष एकट्या लेखकांना देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. महिन्याला काही कादंबऱ्या हातावेगळ्या करणाऱ्या माणसाला उटनूरच्या जंगलात जाऊन राहायला वेळ कोण देणार? त्याला प्रकाशकाची तारीख पाळायची असते, आणि इंग्रजी नमुना हाताशी तयार असतो. दुसरे कारण अधिक खोल आहे. या कादंबरीला शेवट लागतो. शेवटच्या पानावर खलनायक मरतो, नकाशा परत मिळतो, कॅप्टन सिगारेट पेटवतो. खऱ्या गोष्टींना तसा शेवट नाही. हायमेनडॉर्फनी मिळवून दिलेल्या जमिनी पुन्हा हातांतून निसटू लागल्या. २० एप्रिल १९८१ला इचोड्याजवळच्या इंद्रवेल्लीत जमिनीच्याच मागणीसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. इतरांचे आकडे त्याहून कितीतरी मोठे. इथे खलनायक परदेशी नव्हता, आणि असला खलनायक रहस्यकथेला पेलत नाही.

तरीही मी त्या पुस्तकांना नावे ठेवणार नाही. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली. आदिलाबादचा किनवट तालुका नांदेडला जोडला गेला, तर इचोडा आंध्रात राहिले आणि २०१४पासून तेलंगणात आहे. मराठी बोलणारी असंख्य घरे सीमेच्या त्या बाजूला राहिली. तिथे समीक्षकांनी गौरवलेल्या कादंबऱ्या किती पोचल्या असतील? रहस्यकथा मात्र ट्रकच्या, बसच्या, पाहुण्यांच्या हातून पोचत होती. भाषा टिकते ती फक्त थोर ग्रंथांवर नव्हे. संपेपर्यंत खाली ठेववत नाही अशा पुस्तकांवरही ती टिकते. हलक्या कागदावरची ती पुस्तके आता पिवळी पडून तुटत चालली आहेत आणि ग्रंथालयांनी ती क्वचितच जपली आहेत. ती जपायला हवीत. आणि त्यांनी जे लिहिले नाही, ते कुणीतरी आता लिहायला हवे.

चाक बसले, कंडक्टरने हाक दिली. मी कॅप्टन दीप त्या शिक्षकांच्या हाती ठेवला. "तुमचं वाचून व्हायचं आहे ना?" ते म्हणाले. शेवटची वीसेक पाने राहिली होती. मी म्हटले, "गुरुजी, तो सुटणार हे ठाऊक आहे."

ते म्हणाले, "तेच तर."