किस्सा: एका कॉफीत ऐकलेला जॅझ

ज्यांचं नेटवर्क लोकलमध्ये जातं किंवा ज्यांना ऑफिसात इयरफोन लावता येत नाहीत, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित अवतार. बोलताना घेतलेले निम्मे 'ॲक्च्युअली' कापलेत. उरलेले सांभाळून घ्या.

दोनेक वर्षांपूर्वी प्रोजेक्टसाठी मी योकोहामात अडीच महिने होतो. एका शनिवारी संध्याकाळी मी आणि टीममधला एक मित्र नोगे नावाच्या भागात भटकत होतो. छोट्या गल्ल्या, छोटे बार, माशांचा वास. एका दारातून सॅक्सोफोन ऐकू आला म्हणून आत गेलो. खोली जेमतेम आपल्या वन बीएचकेच्या हॉलएवढी, पण समोर कपाटाएवढे दोन स्पीकर. सात-आठ माणसं बसलेली आणि सगळ्यांची तोंडं स्पीकरकडे. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आम्ही बसलो आणि सवयीने गप्पा सुरू केल्या. दोन मिनिटांत काउंटरमागचे आजोबा उठले, टेबलावर एक कार्ड ठेवलं आणि हसून, मान लवून परत गेले. मित्राने फोनवर भाषांतर केलं. अर्थ असा, की कृपया बोलू नये.

पुण्यातल्या पाट्यांवर वाढलेला माणूस मी. पण गिऱ्हाईकाला गप्प बसवणारी पाटी इतक्या अदबीने कुणी हातात दिली नव्हती.

तर आजचा विषय हाच, जपानमधलं 'जॅझ किस्सा'. हा आपला किस्सा नव्हे हं. जपानीत किस्सा म्हणजे चहा पिणं, आणि 'किस्सातेन' म्हणजे चहा-कॉफीचं दुकान. जॅझ किस्सा म्हणजे जिथे तुम्ही एक कॉफी घेता आणि मालकाच्या रेकॉर्ड ऐकत बसता. गाणारं-वाजवणारं कुणी नसतं, फक्त रेकॉर्ड. मालकाला सगळे 'मास्टर' म्हणतात. आत्ता जी रेकॉर्ड वाजतेय तिचं कव्हर तो काउंटरपाशी सगळ्यांना दिसेल असं उभं करतो. बहुतेक वेळा एलपीची एकच बाजू वाजते, साधारण वीस मिनिटं. मग दुसरी रेकॉर्ड, दुसरं कव्हर. आपण स्टेटसला गाण्याचा स्क्रीनशॉट टाकतो, तसंच काहीसं. फरक एवढाच, की इथे ते गाणं खोलीतल्या सगळ्यांना मिळून ऐकावं लागतं आणि मधेच पुढे ढकलता येत नाही.

मला हे आधी जपानी हौस वाटली होती. परत आल्यावर वाचत गेलो तेव्हा कळलं, की हौस नंतरची. आधी होती टंचाई.

पहिलं जॅझ किस्सा म्हणून टोकियोतल्या 'ब्लॅकबर्ड'चं नाव घेतात, साल १९२९. आणि १९३३ मध्ये याच नोगेत मामोरु योशिदा नावाच्या वीस वर्षांच्या मुलाने 'चिगुसा' उघडलं. वीस वर्षांचा! आपण त्या वयात सेमिस्टरचे बॅकलॉग मोजत होतो. योकोहामा हे बंदर असल्याने अमेरिकेहून येणाऱ्या बोटींबरोबर रेकॉर्डही यायच्या. पण त्या महाग. साध्या नोकरदाराला परवडणाऱ्या नव्हेत, कॉफी मात्र परवडायची. थोडक्यात एक लायसन्स आणि शंभर युजर.

तेव्हाच्या रेकॉर्ड ७८ आरपीएमच्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. त्या विनाइलच्या नव्हत्या, त्यांत शेलॅक असायचं. शेलॅक म्हणजे आपली लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यापासून मिळणारी, आणि जगाला ती मोठ्या प्रमाणात पुरवायचा हिंदुस्थान, त्यातही छोटा नागपूरचा जंगलपट्टा. म्हणजे शिकागोत वाजलेला जॅझ योकोहामात ऐकू यायचा तो बहुधा आपल्याकडच्या जंगलातल्या लाखेवर कोरलेला. ही लाख लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

मग युद्ध. जानेवारी १९४३ मध्ये जपान सरकारने अमेरिकी आणि ब्रिटिश संगीताची यादी काढली. सुमारे एक हजार रचना, सगळ्या बंद. रेकॉर्ड जमा करा असा आदेश. 'रेकॉर्ड' हा शब्दसुद्धा शत्रूचा ठरला, त्याजागी 'ओनबान' म्हणायचं. भाषाशुद्धीचं हे वेड आपल्याला नवीन नाही, पण इथे शब्दाबरोबर वस्तूही गेली. काहींनी मुकाट्याने रेकॉर्ड दिल्या, काहींनी लपवल्या. आणि २९ मे १९४५ ला योकोहामावर बॉम्बहल्ला झाला. एका सकाळीत शहराचा मोठा भाग जळाला, चिगुसा आणि योशिदाने बारा वर्षं जमवलेल्या हजारो रेकॉर्डही. लाख ज्वालाग्राही असते. ते काय दिसलं असेल, याची कल्पना करवत नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण ज्यांच्या बॉम्बने रेकॉर्ड जळल्या, तेच सैनिक काही महिन्यांत नव्या रेकॉर्ड घेऊन योकोहामाच्या रस्त्यांवर आले.

त्यांचं नाव व्ही-डिस्क. व्ही फॉर व्हिक्टरी. ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंग कंपन्यांविरुद्ध संप पुकारला होता, नवं रेकॉर्डिंग बंद. तेवढ्यात सैन्याने युनियनशी बोलणी केली, की सैनिकांसाठी वाजवा, आम्ही या रेकॉर्ड विकणार नाही. वादक तयार झाले. १९४३ ते १९४९ या काळात अशा रेकॉर्ड निघाल्या. बारा इंची, म्हणून एका बाजूला सहा मिनिटांपर्यंत वाजायच्या. युद्धामुळे आशियातून लाख मिळणं अवघड झालेलं आणि लाखेची रेकॉर्ड जहाजात फुटायची, म्हणून यांत विनाइलसारखं प्लॅस्टिक वापरलं. आज ज्याला आपण कौतुकाने 'विनाइल' म्हणतो, त्याची एक मोठी चाचणी अशी लाखेच्या तुटवड्यात झाली.

या रेकॉर्ड विकायला मनाई होती आणि कार्यक्रम संपल्यावर नष्ट करायच्या असं ठरलेलं. तरी जपानमध्ये त्या सैनिकांच्या हातून बाहेर आल्या. कुणी मैत्रीत दिल्या, कुणी काळ्या बाजारात विकल्या. योशिदाने लढाईवरून परतून दुकान पुन्हा उभं केलं, तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांनी स्वतःकडच्या वाचलेल्या रेकॉर्ड आणून दिल्या आणि जोडीला या व्ही-डिस्क आल्या. मला या गोष्टीतली हीच जागा सगळ्यात जास्त आवडते. ज्याच्याकडे पाच रेकॉर्ड उरल्यात तो त्या घरी घट्ट धरून बसला असता, तर कुणी त्याला नावं ठेवली नसती. ते लोक मात्र त्या कॅफेत देऊन आले, म्हणजे पुन्हा एका कॉफीत सगळ्यांना ऐकता याव्यात.

याने काय झालं? एका मुलीचं उदाहरण सांगतो. तोशिको आकियोशी, जन्म १९२९, मांचुरियातल्या जपानी कुटुंबातली. युद्ध हरल्यावर सगळं सोडून कुटुंब जपानला परतलं, बेप्पू नावाच्या गावात. मुलगी सोळा-सतरा वर्षांची, पियानो येत होता म्हणून डान्स हॉलमध्ये नोकरी धरली. जॅझ वगैरे काही माहीत नाही. तिथल्या एका रेकॉर्ड जमवणाऱ्या माणसाने तिला टेडी विल्सनने वाजवलेलं 'स्वीट लोरेन' ऐकवलं. तिने ठरवलं, की वाजवायचं तर असं. १९४८ मध्ये ती टोकियोला आली.

स्वरलिपीची पुस्तकं मिळत नव्हती, शिकवणारं कुणी नाही. यूट्यूबवर 'हाऊ टू प्ले बीबॉप' तर नाहीच. मग ही वादक मंडळी चिगुसात येऊन बसायची, कागद-पेन्सिल घेऊन. आकियोशी यायची, पुढे मोठा सॅक्सोफोनवादक झालेला सादाओ वातानाबे यायचा. योशिदा त्यांच्यासाठी तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावायचा. सुई उचल, मागे ठेव. परत उचल, मागे ठेव. रेकॉर्ड ज्यांनी जपल्यात त्यांना यातलं दुःख कळेल. प्रत्येक वेळी सुई खोबणी थोडी झिजवते आणि नवीन रेकॉर्ड आणायला पैसे नाहीत. तो आपली दौलत अक्षरशः झिजवत होता.

१९५३ मध्ये जॅझचा बडा निर्माता नॉर्मन ग्रान्झ टोकियोत आला असताना ऑस्कर पीटरसनच्या शिफारशीवरून आकियोशीचं रेकॉर्डिंग झालं. १९५६ मध्ये ती शिष्यवृत्तीवर बॉस्टनच्या बर्कलीला गेली, तिथली पहिली जपानी विद्यार्थी. वातानाबे १९६२ मध्ये तिथेच गेला.

आता दुसरी बाजू. रेकॉर्डवरून जसंच्या तसं उतरवणाऱ्या या पिढीवर नक्कल करण्याचा आरोप झाला. अमुक आमचा चार्ली पार्कर, तमुक आमचा बड पॉवेल, असली बिरुदं. आरोपात तथ्य होतं, पण मला तो थोडा अन्यायाचाही वाटतो. आपणही स्टॅक ओव्हरफ्लोवरून कॉपी-पेस्ट करतच कोड शिकलो ना? प्रश्न पुढे काय केलं याचा. आकियोशीने १९७४ मध्ये स्वतःच्या बिग बँडबरोबर 'कोगुन' काढला. त्यात जपानी नो नाटकातला आवाज आणि त्सुझुमी ढोल आहे, आणि ती रचना आहे हिरू ओनोदावर, म्हणजे युद्ध संपलंय हे न मानता १९७४ पर्यंत फिलिपिन्सच्या जंगलात लपून राहिलेल्या त्या सैनिकावर. हे कुठल्याच अमेरिकन रेकॉर्डवरून उतरवता आलं नसतं.

पन्नास आणि साठच्या दशकात एलपी आल्या, पण डॉलर ३६० येनचा आणि परदेशी चलनावर सरकारचा ताबा, त्यामुळे आयात केलेली एलपी म्हणजे नव्या पदवीधराच्या पगारातला मोठा घास. जानेवारी १९६१ मध्ये आर्ट ब्लेकी आपला बँड घेऊन आला आणि देश वेडा झाला. सोबा पोचवणारी पोरंसुद्धा सायकलवरून 'मोनिन' शिट्टीवर वाजवायची, असं सांगतात. टोकियोच्या शिंजुकूत त्याच वर्षी 'डिग' उघडलं, १९६७ मध्ये त्याचं भावंड 'डग'. मुराकामीची 'नॉर्वेजियन वुड' वाचली असेल तर हे डग तुम्हाला भेटलंय. मुराकामी स्वतः लेखक होण्याआधी 'पीटर कॅट' नावाचं जॅझ किस्सा चालवत होता, १९७४ पासून.

न बोलण्याचा नियम कडक झाला तो याच काळात. विद्यार्थी तासन्‌तास डोळे मिटून बसायचे. काही मास्टर अगदीच हेडमास्तर होते. गिऱ्हाईक बहुतेक पुरुषच, आणि चुकीची फर्माईश केली तर कपाळावर आठ्या. या जागांबद्दल हळवं होऊन बोलताना हे विसरतात. रॉकवाल्यांनीही हेच मॉडेल उचललं. शिबुयात १९६९ मध्ये 'बीवायजी' सुरू झालं, ते अजून आहे. शेजारी 'लायन' नावाचं शास्त्रीय पाश्चात्त्य संगीताचं किस्सा १९२६ पासून. एकाच गल्लीत बाख आणि रॉक, दोन्हीकडे कॉफी.

ओहोटी का लागली हे सांगायला नको. १९७९ मध्ये वॉकमन, १९८२ मध्ये सीडी. ज्याला हवं ते त्याच्या खिशात आलं, मग दुसऱ्याच्या कव्हरकडे कोण बघणार. आपल्याकडे काळा घोड्याचं रिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं. बाबा सांगतात, तिथे बूथमध्ये उभं राहून न विकत घेता कितीतरी ऐकायचे.

योशिदा १९९४ मध्ये गेले. चिगुसा २००७ मध्ये बंद पडलं. पण रेकॉर्ड आणि स्पीकर भंगारात न काढता लोकांनी जपून ठेवले आणि २०१२ मध्ये नोगेतल्याच मंडळींनी जवळच ते पुन्हा उघडलं. म्हणजे १९४५ नंतर जे झालं तेच, फक्त या वेळी आग लागली नव्हती.

आम्ही गेलो ते दुकान चिगुसा नव्हतं, आणि नाव सांगणार नाही कारण आमची तिथे शोभा झाली. कार्ड आल्यावर आम्ही चाळीस मिनिटं गप्प बसलो. इतका वेळ फोन न बघता मी शेवटचा कधी बसलो होतो, आठवत नाही. निघताना मित्राने स्टँडवरच्या कव्हरचा फोटो काढू का असं खुणेने विचारलं. आजोबांनी कव्हर उचलून त्याच्या हातातच दिलं, मागची बाजू वाचायला.

पुढचा भाग १९८० मध्ये टोकियोजवळ मिताकात सुरू झालेल्या, रेकॉर्ड भाड्याने देणाऱ्या दुकानावर. एलपी घरी न्या, कॅसेटवर उतरवा, परत करा. कंपन्यांचं डोकं कसं फिरलं ते तेव्हा बोलू. तोवर 'कोगुन' ऐका, आणि शक्य असेल तर कुणाला तरी शेजारी बसवून, स्पीकरवर.