हरवलेला फॉन्ट आणि मराठी पाठ : जुन्या मॅकिंटॉशच्या निमित्ताने

पाठचिकित्सा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पोथ्या येतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती, तिच्यातील पाठभेदांच्या तळटीपा, शारदा लिपीतील हस्तलिखितांची परंपरा हे सारे आपण वर्गात शिकवतो. त्यातून नकळत एक समज तयार होतो : मजकूर जितका जुना, तितका तो वाचणे अवघड. मराठीच्या बाबतीत हा समज किमान एका कालखंडापुरता उलटा करावा लागतो. खिळे जुळवून १९६५ साली छापलेले पुस्तक आपण सहज उघडून वाचतो. १९९३ साली मॅकिंटॉशवर जुळवलेल्या पुस्तकाची फ्लॉपी हाती आली, तर मात्र आपण मोडी न येणाऱ्या माणसासारखे तिच्याकडे पाहत राहतो. छापील प्रत ग्रंथालयात असली तर निभावते. पण स्मरणिका, अनियतकालिके, गावोगावच्या शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, लेखकांनी छपाईपूर्वी केलेले खर्डे यांच्या बाबतीत पुष्कळदा ती फ्लॉपी हीच एकमेव प्रत असते. म्हणूनच जुन्या मॅकच्या दुरुस्तीच्या क्लृप्त्या आणि त्या काळातील शेअरवेअर ही केवळ हौशी लोकांची गोष्ट नाही, मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाचेही ते एक साधन आहे, असे आम्हाला वाटते.

प्रथम थोडा इतिहास. मॅकिंटॉश २४ जानेवारी १९८४ रोजी बाजारात आला. १९८५ मध्ये लेझररायटर हा मुद्रक आणि आल्डस कंपनीची पेजमेकर ही आज्ञावली आली आणि टेबलावर बसून पान लावता येऊ लागले. ‘डीटीपी’ ही तीन अक्षरे पुढे तालुक्याच्या गावी दुकानांच्या पाट्यांवर गेली, ती येथून. देवनागरीच्या दृष्टीने मात्र १९८६ हे साल आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी आलेल्या फाँटोग्राफर या आज्ञावलीमुळे अक्षराची बाह्यरेषा एकट्या माणसाला घरबसल्या काढता येऊ लागली. टंकशाळा नको, साचे नकोत, शिसे नको. इंग्रजी ‘ए’च्या जागी ‘अ’ काढून ठेवला, की यंत्राला आपण देवनागरी लिहीत आहोत याचा पत्ताही लागत नसे. त्याच्या दृष्टीने तो रोमन मजकूरच होता, फक्त त्याचे रूप वेगळे.

ही युक्ती नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहमने अक्षरांचे तुकडे पाडून खिळ्यांची संख्या आटोक्यात आणण्याचा जो खटाटोप केला, त्याचेच हे विद्युत् रूप होय. देवनागरीच्या केसमध्ये कित्येकशे घरे असत. मॅकच्या फॉन्टमध्ये सारी मिळून २५६, आणि त्यांतली काही यंत्राच्या स्वतःच्या कामासाठी राखलेली. उरलेल्या दोनशेच्या आसपास घरांत मराठीची सारी जोडाक्षरे बसवायची, तर अक्षरे मोडावीच लागणार.

एक उदाहरण घेऊ. आंबेगाव तालुक्यात लोणी नावाचे गाव आहे. त्याचे नाव आज युनिकोडमध्ये लिहिले तर चार चिन्हे साठवली जातात : ल, ओकार, ण, दीर्घ वेलांटी. त्या काळच्या फॉन्टमध्ये तेच नाव ल, काना, मात्रा, अर्धा ण, त्या णचा काना आणि वेलांटी अशा तुकड्यांनी उभे राही. कुठल्या फॉन्टमध्ये काना-मात्रा मिळून एकच कळ असे, कुठे दोन. कुठे मात्रा आधी, कुठे काना आधी. कागदावर फरक दिसत नसे म्हणून जुळाऱ्याला त्याची फिकीर नसे. परिणाम असा, की एखाद्या जुन्या फाइलमध्ये ‘लोणी’ शोधायचे ठरवले तर आधी कोणत्या लोणीचा शोध घ्यायचा हे ठरवावे लागते. लोणी काळभोर की राहात्याकडील लोणी हा प्रश्न नंतरचा!

याहून नाजूक गोष्ट ‘ख’ची. काही जुळारी ‘र’ आणि ‘व’ शेजारीशेजारी ठेवून ‘ख’ साधत. छापून आल्यावर ते खपून जाई. फाइल युनिकोडमध्ये आणली की ‘खरे’चे ‘रवरे’ होते. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून ती आधी टंकली जाई, रफार उजवीकडे वर दिसतो म्हणून शेवटी. यांत्रिकपणे केलेल्या रूपांतरात ‘विचार’चा ‘िवचार’ आणि ‘कार्य’चे ‘कायर्’ होते, ते यामुळे. महाजालावरील जुन्या मराठी मजकुरात हे ‘कायर्’ आणि ‘मागर्’ आपण सर्वांनी पाहिले आहेत. आपण त्यांना मुद्रणदोष म्हणतो. खरे तर तो मुद्रणदोष नव्हे, कारण मूळ मुद्रणात तो नव्हताच. तो वाहतुकीतला दोष आहे. पोथीच्या लेखनिकाने लिपी बदलताना केलेल्या चुकीशी त्याचे नाते आहे, आणि म्हणून तो कोणत्या फॉन्टमधून आला हेही त्यावरून ओळखता येते.

आता यंत्राकडे वळू. जुन्या मॅकवर फॉन्ट दोन भागांत असे : पडद्यासाठी ठिपक्यांचा आणि मुद्रकासाठी बाह्यरेषांचा. दुसरा भाग हरवला तर पडद्यावर मजकूर नीट दिसे आणि छापताना कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उमटत. त्याहून खोड्याळ प्रकार क्रमांकाचा. सुरुवातीच्या काळात प्रत्येक फॉन्टला एक अंक दिलेला असे आणि अनेक आज्ञावल्या फाइलमध्ये फॉन्टचे नाव न ठेवता तो अंकच ठेवत. दोन फॉन्टकारांनी एकच अंक वापरला, की एका यंत्रावरची कविता दुसऱ्या यंत्रावर भलत्याच फॉन्टमध्ये उघडे. आज एखादी फाइल रोमन अक्षरांच्या खिचडीसारखी दिसली तर ‘फाइल बिघडली’ असे लगेच म्हणू नये. बहुधा ती शाबूत असते, फक्त तिचा फॉन्ट परागंदा झालेला असतो.

तो फॉन्ट सापडला तरी संकट संपत नाही. मॅकवरील फाइलला दोन फाटे असत, एक मजकुराचा आणि एक साधनसामग्रीचा. मॅकच्या फॉन्टची सारी माहिती दुसऱ्या फाट्यात. अशी फाइल विंडोजच्या चकतीवर सरळ उतरवली की तो फाटा गळून पडे आणि नाव तेच, आकार मात्र शून्य बाइट, अशी पोकळ फाइल हाती राही. कित्येकांनी ‘फॉन्ट जपून ठेवला आहे’ म्हणून जपले, ते हे शून्य. यावरचा उपाय शेअरवेअरने दिला होता. न्यूयॉर्कमधील रेमंड लाऊ या शाळकरी मुलाने १९८७ मध्ये लिहिलेली स्टफइट ही आज्ञावली दोन्ही फाटे एका गाठोड्यात बांधी. बिनहेक्स ते गाठोडे साध्या अक्षरांत उतरवी, म्हणजे ते टपालाने कुठेही जाऊ शके. तेव्हा जुन्या चकतीवर ‘सिट’ किंवा ‘एचक्यूएक्स’ शेपटाची फाइल दिसली, तर ती आधी मूळ अवस्थेतच नकलून ठेवावी आणि मगच सोडावी.

शेअरवेअर ही कल्पना १९८२-८३ च्या सुमारास अमेरिकेत रुजली : आधी वापरा, इतरांना वाटा, आवडले तर लेखकाला दहा-वीस डॉलर पाठवा. विश्वासावर चाललेला हा व्यवहार. आपल्याकडे परकीय चलन नियमन कायदा १९७३ चा होता आणि तो २००० पर्यंत लागू राहिला. पुण्यातल्या एखाद्या जुळाऱ्याने प्रामाणिकपणे वीस डॉलर पाठवायचे ठरवले असते, तरी ते सोपे नव्हते. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट भारतात आले तेच १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याआधी या गोष्टी परदेशातून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून आणि मग हातोहात फिरत. ‘आपण नोंदणी केलेली नाही’ ही विनंतीवजा सूचना आपल्याकडे अनेक यंत्रांवर वर्षानुवर्षे झळकत राहिली असणार. चोरी आणि उसनवारी यांच्या मधला हा प्रांत आहे. नीतीचा निवाडा आम्ही येथे करू इच्छित नाही.

या आज्ञावल्यांपैकी एक मराठीच्या अभ्यासकाला आजही उपयोगाची आहे. ऑस्ट्रियातील गुंथर ब्लाशेक यांचे पॉपचार फॉन्टमधील सर्व घरे एका तक्त्यात दाखवते. अॅपलचे स्वतःचे की कॅप्स हे उपकरण कोणती कळ दाबल्यावर कोणते चिन्ह उमटते ते दाखवी. अनोळखी देवनागरी फॉन्टची किल्ली तयार करण्याचा याहून सरळ मार्ग नाही. जुन्नर तालुक्यात नाणेघाटात सातवाहनांच्या काळचा ब्राह्मी लेख आहे. १८३७ मध्ये प्रिन्सेपने ब्राह्मीची अक्षरमाला लावल्यामुळे, आणि पुढे भगवानलाल इंद्रजींनी नाणेघाटातील अंकांचा अभ्यास केल्यामुळे, तो आपल्याला वाचता येतो. दगडावरची अक्षरे कुठे पळून जात नाहीत, ही त्या लेखाची सोय. आपल्या २५६ घरांच्या तक्त्यांचे प्रिन्सेप व्हायला अजून वेळ आहे, पण तो फार नाही.

फार नाही असे म्हणण्याची कारणे यांत्रिक आहेत. मॅकच्या ८०० किलोबाइटच्या चकत्या फिरण्याचा वेग बदलत बदलत लिहिल्या जात, त्यामुळे साध्या पीसीच्या किंवा आज मिळणाऱ्या यूएसबी ड्राइव्हला त्या वाचताच येत नाहीत. १.४४ मेगाबाइटच्या चकत्या वाचता येतात. १९९८ च्या आयमॅकने फ्लॉपी काढून टाकली, आणि कीबोर्ड जोडण्याची जुनी एडीबी खाचही. ज्या आज्ञावल्यांना त्या खाचेत बसणारे कुलूप लागे, त्या रीतसर विकत घेतलेल्या असूनही नव्या यंत्रावर मुक्या झाल्या. जुन्या आज्ञावल्या चालवणारे ‘क्लासिक’ वातावरण २००७ च्या लेपर्डमध्ये राहिले नाही. जुन्या एचएफएस पद्धतीच्या चकत्या निदान वाचण्याची सोय होती, ती २०१९ च्या कॅटालिनाने संपवली. अॅडोबीने टाइप वन फॉन्टचा आधार २०२३ मध्ये काढून घेतला. आज जुना मॅक हाताशी नसेल तर बॅसिलिस्क किंवा शीपशेव्हर यांसारख्या, नव्या यंत्रात जुन्या यंत्राचे सोंग उभे करणाऱ्या आज्ञावल्यांकडे जावे लागते. त्या विनामूल्य आहेत, आणि आमच्या मते भाषा विभागांच्या संगणकांवर असायला हव्यात.

अॅपलने देवनागरीची शास्त्रशुद्ध सोय केलीच नाही असे नाही. १९९२ च्या वर्ल्डस्क्रिप्टनंतर त्यांचा भारतीय भाषा संच आला. त्याची संकेतावली १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकावर आधारलेली होती. त्या मानकामागे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या ‘जिस्ट’ तंत्राची परंपरा आहे. पण छपाईच्या धंद्याने तुकड्यांचे फॉन्ट सोडले नाहीत, कारण पान लावण्याच्या आज्ञावल्यांना तेच समजत. युनिकोडमध्येही मराठीच्या ‘ॲ’ला स्वतंत्र घर मिळायला २००८ उजाडले. ज्या मजकुरात तोवर ‘अॅ’ होते, त्यात ते तसेच राहू द्यावे की बदलावे, हाही संपादकाने ठरवण्याचा प्रश्न आहे.

क्लृप्त्यांविषयी दोन शब्द. जुना मॅक सुरू होताना बॉम्बचे चित्र दाखवून थांबला, तर शिफ्ट कळ दाबून तो पुन्हा सुरू करावा. जोडपत्रे बंद राहतात आणि बहुधा दोष तेथेच असतो. फाइलींची चित्रे कोरी दिसू लागली तर कमांड व ऑप्शन दाबून डेस्कटॉप नव्याने बांधावा. आणि मजकूर उघडल्यावर ‘स्मार्ट कोट्स’, आपोआप होणारी जोडअक्षरे व इंग्रजी शब्दतोड ही तिन्ही कलमे आधी बंद करावीत. इंग्रजी ‘एफ’ आणि ‘आय’ यांच्या घरांत बसलेली दोन मराठी अक्षरे शेजारी आली, की क्वार्क एक्सप्रेस त्यांना ‘फाय’ हे जोडटंक समजून तिसरेच चिन्ह दाखवू शके. मॅकमध्ये २१० क्रमांकाच्या घरात दुहेरी अवतरणचिन्ह असते, विंडोजमध्ये तेथे डोक्यावर स्वरचिन्ह असलेला रोमन ‘ओ’. एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना कधी क्रमांक जपला जाई, कधी चिन्ह. मराठी मात्रा कोणत्या घरात होती यावर ती वाचली की गेली हे ठरे.

फाइलींच्या तारखांवर मात्र विसंबू नये. मॅकच्या आतील छोटी बॅटरी संपली की जुन्या यंत्राचे घड्याळ मागे जाऊन १ जानेवारी १९०४ वर थांबे, कारण त्याची कालगणनाच तेथून सुरू होई. अशा यंत्रावर जपून ठेवलेल्या खर्ड्यावर तीच तारीख पडे. केशवसुत १९०५ पर्यंत हयात होते, म्हणजे संगणकाच्या नोंदीप्रमाणे हे खर्डे त्यांच्या हयातीतले ठरतात. अशी तारीख दिसली की ती ‘तारीख नाही’ अशी नोंदवावी, आणि लेखनाचा काळ फाइल ज्या आज्ञावलीच्या ज्या आवृत्तीत लिहिली गेली तिच्यावरून, वापरलेल्या फॉन्टवरून आणि चकतीवर पेनाने लिहिलेल्या मजकुरावरून ठरवावा.