उसाचा रस चिकट करणारं एन्झाइम आणि तो चिकटपणा तोडणारं एन्झाइम

गाळप हंगामात कराडकडून वाळव्याकडे गेलात तर साखर कारखान्यांबाहेर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची लांब रांग दिसते. आपल्याला ती ट्रॅफिकची कटकट वाटते. पण नंबरची वाट बघत थांबलेल्या त्या उसात साखर कमी होत असते. एन्झाइमवर संशोधन करणारे नेमकं काय करतात, हे समजून घ्यायला सातारा-सांगलीत याहून जवळचं उदाहरण मला सापडलं नाही.

एन्झाइम म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर. हे बहुतेक वेळा एक प्रथिन असतं, जे ठरावीक रासायनिक क्रिया वेगानं घडवतं आणि स्वतः खर्च होत नाही. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला ते फंक्शनसारखं वाटतं: इनपुट ठरलेला, आउटपुट ठरलेला, भलतंच काही दिलं तर हातच लावत नाही.

रांगेत काय होतं?

ऊस तोडला की तोडलेल्या टोकांतून मातीतले जिवाणू आत शिरतात. त्यातला मुख्य ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स. (हाच इडलीचं पीठ आंबवायलाही मदत करतो, म्हणजे तसा वाईट नाही.) तो डेक्स्ट्रानसुक्रेज नावाचं एन्झाइम बाहेर सोडतो. ते साखरेच्या रेणूतला ग्लुकोज काढून एकापुढे एक जोडत जातं आणि फ्रुक्टोज सोडून देतं. त्या लांब साखळीचं नाव डेक्स्ट्रान. ऊस जळीत असेल तर साल तडकलेली असते आणि हे सगळं आणखी वेगानं होतं. म्हणूनच तोडणीनंतर २४ तासांच्या आत गाळप व्हावं असं सांगतात.

डेक्स्ट्रानमुळे रस बुळबुळीत होतो, गाळायला वेळ लागतो, साखरेचे दाणे लांबुळके येतात. सगळ्यात वाईट म्हणजे मोजमाप फसतं. रसातली साखर पोलॅरिमीटरनं मोजतात, म्हणजे रस प्रकाशाची दिशा किती वळवतो ते बघतात. डेक्स्ट्रान साखरेच्या साधारण तिप्पट वळवतो. त्यामुळे आकडा फुगलेला दिसतो आणि पोत्यात साखर कमी पडते. सेन्सर चुकीचा आकडा देतोय आणि डॅशबोर्ड हिरवा आहे, असला हा बग!

याचा संबंध थेट बिलाशी आहे. उसाची एफआरपी साखर उताऱ्यावर ठरते, सध्याचा पायाभूत उतारा १०.२५ टक्के. उतारा अख्ख्या कारखान्याचा धरतात, त्यामुळे शिळ्या उसाचा फटका ज्यांचा ऊस ताजा होता त्यांनाही बसतो. आणि तोडणीची टोळी कधी येणार, गाडी किती तास थांबणार, हे शेतकऱ्याच्या हातात जवळजवळ नसतंच.

संशोधक इथे काय शोधतो?

डेक्स्ट्रानची साखळी तोडणारं एन्झाइम म्हणजे डेक्स्ट्रानेज. कीटोमियम आणि पेनिसिलियमसारख्या बुरशी ते बनवतात. उकिरडा, चिपाडाचा ढीग, कारखान्याजवळची माती अशा ठिकाणचे नमुने आणून निळा रंग जोडलेलं डेक्स्ट्रान घातलेल्या प्लेटवर वाढवतात. ज्या बुरशीभोवती निळा रंग जाऊन स्वच्छ वर्तुळ पडतं, ती कामाची. नवीन शोधायची नसेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, तिथून जातिवंत कल्चर मागवता येतं.

पुढचं काम किचकट. बुरशीला खाद्य कोणतं द्यायचं, तापमान किती, आम्लता किती, किती दिवसांनी एन्झाइम काढायचं, हे एकेक बदलून बघायचं. गव्हाचा कोंडा किंवा उसाचं चिपाड ओलं करून त्यावरच बुरशी वाढवण्याची पद्धत स्वस्त पडते. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी १८९४ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेलं एन्झाइमही कोंड्यावरच्या बुरशीचंच होतं. चिपाडाची आपल्याकडे कमी नाही, पण कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वीज करतात, म्हणजे तेही फुकट नाही.

डेक्स्ट्रानेज ५० ते ५५ अंश सेल्सिअसला उत्तम चालतं. कारखान्यात रस पुढे १०० अंशांच्या वर तापतो आणि तिथे ते निकामी होतं. म्हणून ते रस कोमट असतानाच घालावं लागतं आणि कामाला मिनिटंच मिळतात. जास्त उष्णता सोसणारी जात मिळाली तर थोड्या एन्झाइममध्ये भागेल, म्हणून शोध त्याच दिशेनं चालतो. मात्र ते गेलेली साखर परत आणत नाही. साखळी तुटून लहान शर्करा बनतात, त्यांचे दाणे पडत नाहीत. रस पातळ होतो, यंत्रं नीट चालतात, इतकंच.