७ / २ चं उत्तर ३ कसं? प्रोग्रॅमिंगमधले / आणि % समजून घ्या

मोबाइलवरच्या एखाद्या कोडिंग ॲपमध्ये टक्केवारी काढून बघा. ५०० पैकी ४३२ गुण, सूत्र शाळेतलंच: ४३२ / ५०० * १००. सी किंवा जावामध्ये उत्तर येतं चक्क ०! एरर येत नाही, प्रोग्रॅम बंद पडत नाही. म्हणूनच ही चूक पटकन सापडत नाही.

(इथे अंक देवनागरीत आहेत; कोडमध्ये मात्र इंग्रजी अंकच टाइप करा.)

असं का होतं?

सी, सी++ आणि जावामध्ये / च्या दोन्ही बाजूंना पूर्णांक, म्हणजेच इंटिजर असेल, तर उत्तरही पूर्णांकच मिळतं. दशांश चिन्हापुढचा भाग सरळ टाकून दिला जातो. / आणि * यांचा मान सारखाच, त्यामुळे हिशोब डावीकडून सुरू होतो. ४३२ / ५०० म्हणजे ०.८६४, त्यातला उरतो ०. मग ० गुणिले १०० म्हणजे ०.

उत्तर डबल व्हेरिएबलमध्ये ठेवलं तरी नुसत्या त्याने फरक पडत नाही, कारण भागाकार आधीच झालेला असतो. त्यासोबत एक संख्या दशांशात लिहा: ४३२ * १००.० / ५००. आता उत्तर ८६.४ येईल.

कोणत्या भाषेत काय?

• सी, सी++, जावा: ७ / २ = ३
• जावास्क्रिप्ट: ७ / २ = ३.५
• पायथन ३: ७ / २ = ३.५, तर ७ // २ = ३

पायथन २ मध्ये ७ / २ चं उत्तर ३ यायचं. २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ ने ते बदललं. जुनं ट्युटोरियल बघत असाल तर हे लक्षात ठेवा.

% म्हणजे टक्के नाही!

% भागाकारानंतरची बाकी देतो. सिनेमा १३५ मिनिटांचा असेल, तर सीमध्ये १३५ / ६० = २ तास आणि १३५ % ६० = १५ मिनिटं.

ऋण संख्येत मात्र सांभाळा. -७ % २ चं उत्तर सी आणि जावामध्ये -१ येतं, पायथनमध्ये १. त्यामुळे विषम संख्या ओळखताना बाकी १ आहे का हे तपासू नका. ती ० नाही ना, हे तपासा.

थोडक्यात, / लिहिण्याआधी दोन्ही बाजूंना काय आहे ते बघा. दोन्ही पूर्णांक असतील, तर आपली भाषा त्यांचं काय करते हे आधी माहीत हवं.