संगणकातली कीड आणि पुण्याचं औषध

कपाशीवर मावा पडला की तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. संगणकातला व्हायरसही असाच पसरतो. मात्र मावा निसर्गातून येतो आणि व्हायरस माणूसच लिहितो.

१९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला. तो फ्लॉपीतून फिरायचा. फ्लॉपी म्हणजे त्या काळचा पेन ड्राइव्ह. भावांनी त्यात स्वतःचं नाव आणि फोन नंबरही घातला होता! पुढे 'मायकेलँजेलो' आला. तो ६ मार्च ही तारीख उजाडली की संगणकातली माहिती पुसायचा. १९९२ साली त्याच्या भीतीने जगभर गडबड उडाली.

त्याच सुमारास पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. शिक्षण दहावीपर्यंत. पुढे ते संगणकही दुरुस्त करू लागले. धाकट्या भावाला, संजयला, त्यांनी संगणकाचं शिक्षण घ्यायला लावलं. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडायचे, म्हणून ते काढायचे प्रोग्राम संजय यांनी लिहिले. त्यातून 'क्विक हील' तयार झालं. १९९३ची 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' २००७ साली 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' झाली आणि २०१६ साली शेअर बाजारात आली. हाताने दुरुस्ती करता करता अडचण कळली, आणि अडचण कळली म्हणून उपाय सापडला.

मग आज अँटीव्हायरस विकतच घ्यायचा का? तर तसं नाही. २०१२च्या विंडोज ८ पासून 'डिफेंडर' हा राखणदार संगणकात फुकट येतो. हिशेब, पत्रं आणि थोडं इंटरनेट एवढंच काम असेल, तर तो चालू ठेवून संगणक वेळच्या वेळी अपडेट करणं बहुतेकींना पुरतं. विकतचा घेतला तर दरवर्षी वर्गणी भरावी लागते. ती संपली की त्याला नव्या किडीची ओळख राहत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की: एका घरात दोन राखणदार नकोत. ते एकमेकांनाच चोर समजतात आणि संगणक रखडतो. म्हणून आधी जुना काढायचा, मगच नवा टाकायचा. जुन्याची वर्गणी शिल्लक असेल, तर त्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. मग सेटिंगमध्ये 'ॲप्स' उघडा, त्याचं नाव शोधा, 'अनइन्स्टॉल' दाबा आणि संगणक बंद करून पुन्हा चालू करा. नुसतं पडद्यावरचं चित्र पुसलं तर प्रोग्राम जात नाही. तरीही काही उरलं, तर बहुतेक कंपन्या ते साफ करायचं वेगळं साधन त्यांच्या वेबसाइटवर फुकट देतात. विकतचा निघाला की डिफेंडर सहसा आपोआप जागा होतो. तो चालू झाला का, हे मात्र स्वतः पाहा.

ताई, आपल्या गटाच्या संगणकात कुणाचं कर्ज किती, कुणाचा हप्ता राहिला, हे सगळं असतं. ते गेलं तर पैशाआधी एकमेकींवरचा विश्वास जातो. म्हणून दर बैठकीनंतर हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो काढून कपाटात ठेवा. कागदाची वहीही सोडू नका.

आणि पडद्यावर अचानक "व्हायरस आला, या नंबरवर फोन करा" असं दिसलं, तर फोन करू नका. ती फसवणूक असते. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर कळवा.

पुढच्या बैठकीत संगणक उघडा आणि आपला राखणदार कोण आहे, ते सगळ्या मिळून पाहा.