हसू कोणाच्या बाजूचे? : जपानी विनोदी मंगातील छळला जाणारा मुलगा आणि त्याचा छोटा जादूगार
(विषयप्रवेशाची प्रस्तावना)

वर्गातला सगळ्यांत दुबळा मुलगा. अभ्यासात मागे, खेळात मागे, मार खाण्यात मात्र पहिला. एके दिवशी त्याच्या घरी जादू जाणणारा एक छोटा पाहुणा येतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. जपानच्या बालविनोदी मंगाने, म्हणजे चित्रकथांनी, ही एवढीशी गोष्ट साठ वर्षे पुन्हापुन्हा सांगितली आणि तरी ती जुनी होऊ दिली नाही. या विषयात पहिल्यांदाच डोकावणाऱ्या मराठी वाचकासाठी ही प्रस्तावना लिहीत आहे. जपानी भाषा येत नसली, चित्रकथा वाचून जमाना लोटला असला, तरी बिचकण्याचे कारण नाही. शाळेच्या मधल्या सुट्टीत कोणाच्या तरी टोपीची फेकाफेक ज्याने पाहिली आहे, त्याची या विषयातली निम्मी तयारी आधीच झाली आहे.

मध्यवर्ती कृती म्हणून मी तात्सुया एगावा यांची ‘माजिकारु तारुरूतो-कुन’ ही मालिका निवडली आहे. 1988 ते 1992 या काळात ती ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात आली आणि पुढे 21 खंडांत निघाली. 1990 ते 1992 मध्ये तोएई स्टुडिओने तिची दूरचित्रवाणी मालिका केली. 1992 मध्ये तिच्यावरचा एक व्हिडिओ गेमही आला. तो ‘गेम फ्रीक’ने बनवला होता, पुढे ज्यांच्या हातून ‘पोकेमॉन’ घडले तेच हे लोक. मालिकेचा नायक होनमारू एदोजो हा प्राथमिक शाळेतला मुलगा. जाबाओ नावाचा दांडगट त्याला बुकलतो आणि बाकीचा वर्ग हसतो. तारुरूतो हा त्याच्याकडे आलेला छोटा जादूगार. मनाने निर्मळ, महाखादाड, आणि ताकोयाकी म्हणजे ऑक्टोपसचे तुकडे घालून केलेले गरमागरम गोळे दिसले की सगळे विसरणारा.

मराठी घरांना हा साचा परका नाही. 2005 पासून ‘डोरेमॉन’ हिंदीत दिसू लागला आणि दुबळा नोबिता, त्याला छळणारे जियान आणि सुनियो ही नावे इथल्या मुलांच्या बोलण्यात रुळली. पाठोपाठ ‘निंजा हातोरी’ आला. आजच्या विशी-पंचविशीतल्या कितीतरी मराठी वाचकांनी हा साहित्यप्रकार, त्याला काही नाव असते हे कळण्याआधीच, जेवणाच्या ताटावर बसून आत्मसात केला आहे. त्यांना नवे काही शिकवायचे नाही; पाहिलेलेच जरा थांबून पुन्हा पाहायला सांगायचे आहे.

वंशावळ थोडक्यात सांगतो. हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ आबिको हे तोयामा प्रांतातल्या ताकाओका गावचे शाळासोबती. ‘फुजिको फुजिओ’ या जोडनावाने ते लिहीत. 1964 मध्ये त्यांनी ‘ओबाके नो क्यू-तारो’ सुरू केली. डोक्यावर तीन केस असलेले, कुत्र्याला घाबरणारे आणि भाताचे वाडगेच्या वाडगे फस्त करणारे एक भूत साध्या मध्यमवर्गीय घरात राहू लागते, ही तिची कल्पना. 1970 च्या जानेवारी अंकांपासून ‘डोरेमॉन’ सुरू झाला: नोबिताला सांभाळायला भविष्यकाळातून आलेल्या पाहुण्याची गोष्ट. 1987 मध्ये दोघे वेगळे झाले. फुजिमोतो यांचे 1996 मध्ये निधन झाले, आबिको यांचे 2022 मध्ये. या घराण्यातला पाहुणा नेहमी खाण्यात अडकलेला असतो, हे नीट लक्षात ठेवावे. क्यू-तारोला भात, डोरेमॉनला दोरायाकी, तारुरूतोला ताकोयाकी. ही केवळ गंमत नाही. भूक लागते म्हणून हा पाहुणा घरातल्या आईच्या स्वयंपाकाशी बांधला जातो, रागे भरण्याजोगा होतो, कुटुंबातला होतो. आकाशातून उतरलेला देवदूत छळल्या जाणाऱ्या मुलाच्या फार उपयोगाचा नसता. त्याला हवा असतो शेजारी बसून जेवणारा कोणीतरी.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. 1986 मध्ये समाजशास्त्रज्ञ योजी मोरिता आणि केन्जी कियोनागा यांनी शाळेतल्या छळावर एक पुस्तक लिहिले. त्यांनी वर्गाची चार वर्तुळे मांडली: ज्याचा छळ होतो तो, छळ करणारे, भोवती उभे राहून हसत चेव देणारे प्रेक्षक, आणि दिसूनही न पाहणारे बघे. छळ किती वाढेल हे छळणाऱ्याच्या स्वभावापेक्षा बाहेरच्या दोन वर्तुळांवर अधिक अवलंबून असते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत तोक्योच्या नाकानो भागातल्या एका माध्यमिक शाळेतल्या मुलाने आत्महत्या केली. वर्गाने त्याच्या अंत्यविधीचा खेळ मांडला होता आणि निरोपाच्या पुठ्ठ्यावर काही शिक्षकांच्याही सह्या होत्या. सगळा देश हादरला. जे घडले ते ‘थट्टा’ म्हणून घडले होते.

विनोदी मंगाच्या अभ्यासकाने पुढची दोन वाक्ये एकत्र ठेवावीत. वर्गातल्या छळाचे मुख्य हत्यार ठोसा नव्हे, हसू आहे. आणि विनोदी मंगाचे कामच मुळी हसवणे. म्हणजे नोबिता चिखलात पडतो आणि आपण हसतो, तेव्हा आपणही त्या तिसऱ्या वर्तुळातच उभे असतो. माझ्या मते या साहित्यप्रकाराचा सगळा इतिहास या एका अडचणीशी झुंजण्याचा इतिहास आहे. जादू हे निमित्त आहे. हसू मुलावरून उचलून दुसरीकडे कसे न्यायचे, आणि ते कोणावर ठेवायचे, हा खरा प्रश्न. चांगला लेखक तो प्रत्येक प्रकरणात नव्याने सोडवतो. वाईट लेखक तो आहे हेच विसरतो.

एक उत्तर सुडाचे. आबिको यांची ‘मातारो गा कुरु!!’ ही मालिका 1972 ते 1975 मध्ये ‘शोनेन चॅम्पियन’मध्ये आली. मातारो दिवसा सगळ्यांचा मार खातो आणि नंतर काळ्या विद्येने एकेकाचा हिशेब चुकता करतो. इथे पाहुणाच नाही. मुलगा स्वतःच जादूगार आहे, आणि म्हणून तो एकटा आहे. सूड इतके भीषण होते की पुढच्या आवृत्त्यांत काही प्रकरणे गाळावी वा बदलावी लागली. हसू इथे जवळजवळ संपते. छळणाऱ्यांची जात नेमकी टिपण्यात मात्र या मालिकेचा हात धरणारे थोडेच. मातारोचा घास घेणारे सगळेच आडदांड नाहीत. गोड बोलून पैसे उकळणारे आहेत, मैत्रीच्या नावाखाली राबवून घेणारे आहेत.

दुसरे उत्तर ‘डोरेमॉन’चे, आणि ते वरवर दिसते त्याहून खोल आहे. नेहमीचा घाट सर्वांना ठाऊक आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री नोबिताला स्मरणाचा पाव मिळतो. वहीच्या पानावर दाबून खाल्ला की पानावरचे सगळे पाठ. तो पाव खातो, खातच राहतो, पोट बिघडते, आणि पाठांतर शौचकुपात वाहून जाते. जादू मिळते, हाव सुटते, फजिती होते. आपण हसतो ते नोबिताच्या दुबळेपणाला नव्हे, त्याच्या हावरेपणाला, आणि हावरेपणा जियानमध्येही आहे, आपल्यातही आहे. एवढ्याने हसू थोडे हलते.

पण सहाव्या खंडाच्या शेवटचे प्रकरण उघडून पाहा. डोरेमॉनला भविष्यकाळात परतायचे आहे. रात्री नोबिता एकटाच बाहेर असतो. झोपेत चालत आलेला जियान जागा होतो, आपल्याला या अवस्थेत पाहिले म्हणून संतापतो आणि मारामारी जुंपते. नोबिता डोरेमॉनला हाक मारू शकला असता. तो मारत नाही. स्वतःच्या बळावर जिंकलो नाही तर मित्र निश्चिंत मनाने जाणार नाही, हे त्याला कळलेले असते. मार खाऊन तो पुन्हा उठतो, पुन्हा जियानला धरतो, सोडतच नाही. शेवटी कंटाळून, काहीसा घाबरून, माघार घेतो तो जियान. या पानांवर कोणतेही यंत्र खिशातून निघत नाही. आणि घोळका नाही. पाहणारे कोणी नाही म्हणून हसणारेही कोणी नाही. हसणाऱ्यांना पानावरून बाजूला काढल्याबरोबर हा मुलगा शूर होतो, हे फुजिमोतो यांनी एकही शब्द न बोलता दाखवले आहे.

या प्रकरणाची छपाईही अभ्यासण्यासारखी आहे. शोगाकुकान प्रकाशन प्रत्येक इयत्तेसाठी वेगळे मासिक काढी. हे प्रकरण तिसरीच्या मासिकात 1974 च्या मार्च अंकात आले. जपानमध्ये शाळेचे वर्ष मार्चला संपते. म्हणजे वाचक मुले स्वतःच ते मासिक, ती इयत्ता सोडून जाणार होती. एप्रिलमध्ये चौथीच्या मासिकात डोरेमॉन परत आला. निरोप आणि पुनर्भेट या दोन्ही गोष्टी मुलांच्या शाळेच्या वर्षात अशा नेमक्या बसवलेल्या होत्या. खंड वाचून हे कळत नाही. म्हणून या विषयात येणाऱ्याने ‘गोष्ट कुठे आणि कधी छापली गेली’ हे विचारण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

तारुरूतो हे तिसरे उत्तर. एगावा यांनी ते ठरवून, ‘डोरेमॉन’ला प्रत्युत्तर म्हणून लिहिले. नागोयाचे एगावा गणित शिकलेले; चित्रकार होण्याआधी त्यांनी काही काळ माध्यमिक शाळेत गणित शिकवले. वर्षानुवर्षे मदत मिळूनही न वाढणारा मुलगा या शिक्षकाला पटत नव्हता. म्हणून त्यांचा होनमारू वाढतो. सुरुवातीला तोही जादूच्या आधाराने वेळ मारून नेतो. पण हळूहळू जादू बाजूला सारून कष्टाने अंग घडवतो, झगडतो, हरतो, पुन्हा झगडतो. आणि जाबाओ? तो संपत नाही, हद्दपार होत नाही. कालांतराने तो होनमारूच्या बाजूला येऊन उभा राहतो. मोरितांची वर्तुळे इथे अक्षरशः फिरताना दिसतात: छळणारा मित्र होतो आणि हसणाऱ्यांच्या घोळक्याला हसायला कारण उरत नाही.

एगावा यांचा आक्षेप मला निम्माच मान्य आहे. सहाव्या खंडातला नोबिता न वाढलेला मुलगा नाही. पण एका बाबतीत एगावा निःसंशय पुढे गेले, आणि तिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. डोरेमॉन हा पालक आहे. नोबिताला सांभाळायलाच त्याला पाठवलेले आहे. तारुरूतो स्वतःच बाळ आहे. जादू अफाट, समज अपुरी. सांगितलेले शब्दशः करून ठेवणारा. त्यामुळे त्याच्याकडे लक्ष ठेवणे, त्याला समजावणे, त्याने घातलेला गोंधळ निस्तरणे होनमारूच्या गळ्यात पडते. शाळेत जो सगळ्यांत खालचा, तो घरी कोणाचा तरी मोठा होतो. छळल्या गेलेल्या मुलाला बळ कुठून येते, याचे मी वाचलेल्यांपैकी हे सर्वांत विश्वासार्ह उत्तर आहे: कोणी त्याला वाचवल्याने नव्हे, त्याच्यावर कोणी विसंबल्याने.

यात साप्ताहिकाचाही वाटा मोठा. 1968 मध्ये सुरू झालेल्या ‘जंप’ने मैत्री, प्रयत्न आणि विजय ही त्रिसूत्री धरली होती. अंकासोबतच्या पत्रांवर वाचक आपल्या आवडत्या मालिका कळवीत आणि त्यावर मालिकेचे आयुष्य ठरे. 1988 च्या अखेरीस या अंकाचा खप 50 लाखांवर गेला होता. अशा ठिकाणी दर आठवड्याला होनमारू आहे तिथेच राहिला असता, तर कदाचित मालिकाच राहिली नसती. त्याच्या वाढीचे श्रेय लेखकाच्या तत्त्वाला किती आणि पत्रे धाडणाऱ्या मुलांना किती, हे ठरवणे अवघड आहे, आणि कोणीतरी मनावर घ्यावे असे काम आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या मालिकेत मुलींच्या अंगावरून, कपड्यांवरून केलेले विनोद भरपूर आहेत. होनमारूला आवडणारी इयोना कावाई हुशार आहे, ठाम आहे, पण कितीतरी पानांवर तिला केवळ पाहण्याची वस्तू केले आहे. ‘तो काळच तसा होता’ म्हणून हे सोडून देणे मला मान्य नाही. ज्या लेखकाने मुलावरचे हसू इतक्या मायेने उचलले, त्याने ते नेऊन मुलीवर ठेवले. आपल्या मुख्य प्रश्नाच्या कसोटीवर ही चूक ठरते, आणि या प्रकारातल्या मुलींचा स्वतंत्र अभ्यास झाल्याखेरीज हा विषय अर्धाच राहील.

वाचायची पद्धत सोपी आहे. जपानी पान उजवीकडून डावीकडे जाते. दोन-तीन प्रकरणांत डोळ्याला सवय होते. कपाळावरचा घामाचा थेंब, रागाने तट्ट फुगलेली शीर अशा खुणा आपोआप उलगडतात. छळाच्या प्रत्येक प्रसंगी चित्राचा कडेचा भाग आधी पाहावा: मागे कोण उभे आहे, कोणाचे तोंड उघडे आहे, कोण नजर चुकवते आहे, शिक्षक चौकटीत आहेत की नाहीत. मग तोच घोळका प्रकरणाच्या शेवटच्या पानावर शोधावा आणि त्यांच्या चेहऱ्यांत काय बदलले ते टिपून ठेवावे. या नोंदी पुरेशा साठल्या की सिद्धांत आपसूक बोलू लागतात.

जपानला जाण्याचा योग आलाच, तर क्योतोचे आंतरराष्ट्रीय मंगा संग्रहालय पाहावे. 2006 मध्ये ते एका जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत सुरू झाले. कावासाकीत 2011 पासून फुजिमोतो यांच्या मूळ चित्रांचे संग्रहालय आहे. घरबसल्या सुरुवात करायची असेल, तर ‘डोरेमॉन’चा सहावा खंड आधी घ्यावा, मग ‘मातारो’, आणि शेवटी ‘तारुरूतो’. ‘डोरेमॉन’चे ते प्रकरण निघण्याआधीच ‘मातारो’ सुरू झाला होता, तरीही हाच क्रम ठेवावा. एकट्याने जियानशी झुंजणारा नोबिता डोळ्यांसमोर असला की सुडाची किंमत नीट मोजता येते, आणि जाबाओशी मैत्री होण्यासाठी होनमारूला किती लांबचा पल्ला गाठावा लागला तेही कळते.