औषध डोळ्याच्या किती जवळ न्यावे? स्टेरॉइड उपचारांची सत्तर वर्षे

सन १८१२. पॅरिसजवळच्या कुव्रे गावात, खोगीर बनवणाऱ्या कारागिराच्या कार्यशाळेत खेळता खेळता तीन वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यात चामडे टोचण्याचे हत्यार घुसले. जखम एकाच डोळ्याला झाली होती. पण दाह दुसऱ्या डोळ्यातही शिरला आणि पाचव्या वर्षापर्यंत लुई ब्रेल पूर्ण अंध झाला. ब्रेल लिपीची जन्मकथा पुष्कळांना ठाऊक असते. तिच्या मुळाशी असलेल्या त्या दाहाची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते.

डोळ्याच्या आतल्या दाहाला युव्हियायटिस म्हणतात. त्यात सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग सुजतो. या मध्यभागाला पीतबिंदू म्हणतात. माणूस अक्षरे वाचतो, चेहरे ओळखतो ते त्याच्याच बळावर. सूज रेंगाळली की गेलेली दृष्टी परत येईलच असे नसते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते. बाहुली मोठी ठेवण्यासाठी अ‍ॅट्रोपिनचे थेंब, सॅलिसिलेट, पाऱ्याची औषधे. एक उपचार तर आज अघोरीच वाटेल: टायफॉइडची लस शिरेत टोचून रुग्णाला मुद्दाम ताप आणला जाई, कारण त्या तापाने डोळ्यातला दाह ओसरल्याचे अनुभव नोंदलेले होते.

मग २१ सप्टेंबर १९४८ हा दिवस उजाडला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोनचे पहिले इंजेक्शन दिले. काही दिवसांतच ती चालू लागली. हे औषध तेव्हा बैलाच्या पित्तापासून तीसहून अधिक रासायनिक पायऱ्या ओलांडून तयार होई, त्यामुळे ते अत्यंत दुर्मीळ होते. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील गॉर्डन आणि मॅक्लीन यांनी नेत्ररोगांवरचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यांनी वापरले होते ते शरीराला स्वतःचे कॉर्टिसोनसदृश संप्रेरक बनवायला लावणारे एसीटीएच. पाठोपाठ कॉर्टिसोनचे थेंबही आले.

आनंद फार काळ निर्भेळ राहिला नाही. १९५४ मध्ये बेल्जियमचे जूल फ्रांस्वा यांनी कॉर्टिसोन वापरणाऱ्या रुग्णांच्या डोळ्यांतील दाब वाढत असल्याचे नोंदवले. असा दाब टिकला की काचबिंदू होतो. १९६० मध्ये संधिवाताच्या रुग्णांच्या तपासणीतून दुसरी बातमी आली: दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांना मोतीबिंदू होत होता. दाहाने जाणारी दृष्टी वाचवायची आणि ती काचबिंदूच्या हवाली करायची, असा हा व्यवहार होता. शिवाय गोळ्यांच्या रूपाने सगळ्या शरीराला औषध पाजायचे ते कशासाठी, तर सुपारीहून थोड्याच मोठ्या एका अवयवासाठी! हाडे ठिसूळ होत, रक्तातील साखर वाढे.

तेव्हा औषध डोळ्याच्या जवळ न्यावे, हा विचार ओघानेच आला. ट्रायमसिनोलोन हे दुधाळ, कणयुक्त औषध बुबुळाला स्पर्श न करता डोळ्याच्या गोलाभोवती टोचले जाऊ लागले. प्रत्यक्ष गोलाच्या आत सुई नेण्याचे धाडस १९७९-८० च्या सुमारास रॉबर्ट माखेमर आणि सहकाऱ्यांनी सशांवर केले. त्यांचा हेतू मात्र निराळा होता: पडद्यावर वाढणारे व्रणतंतू रोखणे. सुजेसाठी ही वाट मळली ती एकविसाव्या शतकाच्या तोंडावर.

मधल्या काळात एक गोष्ट घडली, जिला या कथेत तिच्या वाट्याचे श्रेय क्वचितच मिळते. १९९१ मध्ये ओसीटी हे प्रकाशाने पडद्याचे छेद दाखवणारे तंत्र जाहीर झाले. त्याआधी ‘सूज उतरली’ हे बऱ्याच अंशी वैद्याच्या नजरेवर ठरे. आता ती मायक्रॉनमध्ये मोजता येऊ लागली. मोजमाप आले, तेव्हाच उपचारांची खरी तुलना शक्य झाली.

२००५ मध्ये डोळ्यात शिवून बसवायचे आणि सुमारे अडीच वर्षे फ्लुओसिनोलोन पाझरवणारे रोपण अमेरिकेत मंजूर झाले. ते श्रेष्ठ की गोळ्या व रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे श्रेष्ठ, हे पाहण्यासाठी २५५ रुग्णांची ‘मस्ट’ चाचणी झाली. दोन वर्षांनी दृष्टीत ठळक फरक नव्हता. रोपण बसवलेल्या डोळ्यांत मात्र मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया आणि काचबिंदू कितीतरी अधिक. सात वर्षांनी पारडे फिरले: गोळ्यांच्या गटाची दृष्टी तक्त्यावरील सुमारे सात अक्षरांनी सरस निघाली. ही चाचणी दोन वर्षांवर थांबली असती, तर इतिहासात वेगळाच निकाल नोंदला गेला असता.

पीतबिंदूच्या सुजेचा थेट प्रश्न ‘पॉइंट’ चाचणीने विचारला. १९२ रुग्ण, २३५ डोळे, तीन उपाय: डोळ्याभोवती ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन, डोळ्याच्या आत त्याचेच फक्त ४ मिलिग्रॅम, किंवा आत सोडलेली, विरघळत जाणारी ०.७ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची कांडी. २०१९ मध्ये निकाल छापून आला. आठ आठवड्यांत पडद्याची जाडी अनुक्रमे २३, ३९ आणि ४६ टक्क्यांनी उतरली होती. दहापट औषध बाहेर टोचूनही ते आतल्या थेंबाची बरोबरी करू शकले नाही. दृष्टीतही आतले दोन्ही उपाय बाहेरच्या इंजेक्शनच्या पुढे राहिले.

किंमत तीच जुनी, फ्रांस्वा यांनी १९५४ मध्ये ओळखलेली. आत औषध दिलेल्या दोन्ही गटांत दाब वाढण्याचा धोका अधिक होता. बहुतेकांचा दाब थेंबांनी आटोक्यात येतो. पण ज्याला आधीच काचबिंदू आहे, त्याच्यासमोर बसलेला वैद्य आजही कांडी हातात घेण्याआधी दाबाचा आकडा पाहतो.